झोपेतलं भुंकणं

बाबा,

लोळ्याला फिरवून आणते. चहा थर्मासमध्ये आहे. भुंकलं की झटका देणारा त्याचा पट्टा मी काढून ठेवलाय. शोधू नका, सापडायचा नाही. शेजारी कुरकुरले तर त्यांच्याशी मी बोलेन.

दुपारी तो खिडकीतल्या उन्हात पसरला होता. झोपेतच पाय हलवत कुठेतरी लांब धावत होता, आणि मजेत एकदाच भुंकला. पट्ट्याला काय कळतंय स्वप्न! झटक्याने दचकून उठला आणि माझ्याकडेच बघत राहिला. तेव्हापासून त्याच्या डोळ्याला डोळा लागलेला नाही.

रागावू नका. आई गेल्यापासून तुम्हीही झोपेत तिला हाका मारता. भिंतीपलीकडे मला ऐकू येतं. मी तुम्हाला कधीच उठवलेलं नाही.