सुजाताचं टेबल

रविवार, कोपरचं घर. दिवेलागण झाली.

सुजाताने आज व्हिडिओ कॉलवर जर्मनीतलं नवं घर दाखवलं. एकच खोली, त्यातच ओटा, त्यातच पलंग. टेबल पोरीने स्वतः जोडलंय. मला लगेच दिसलं, पुढचा डावा पाय दोनेक मिलिमीटर उचललेला. आयटीआयची पायरी न चढता वागळे इस्टेटच्या कारखान्यात फिटर झालो, माझी नजर चुकत नाही.

"सगळे स्क्रू ढिले कर, मग समोरासमोरचे कोपरे आवळ."

"पप्पा, खाली कागद घातलाय. चालतंय."

"फिटरची पोर कागद घालते?"

"तुम्ही मला बघताय की टेबलाला?" ती हसली. हसलीच ना? मग म्हणाली, "बरं, ठेवते. जयभीम."

तो डावा पाय अजून डोळ्यांसमोर आहे. पण ती जेवली का, तिकडे कोणी ओळखीचं झालं का, काहीच विचारलं नाही. चेहरा उतरला होता का, तेही सांगता येत नाही. मी पायाकडेच बघत होतो. घरात दुसरं कोणी नाही, म्हणून हे इथे लिहितोय.

उद्या कॉलवर टेबलाचं नाव काढायचं नाही. मग सुरुवात कशाने करायची? अर्धा तास झाला, एक वाक्य जुळत नाही.