भावनाची वंशावळ आणि माझं आरमार

पनवेल,
१२ जानेवारी

ती. शांतीताई,

प्रमिलाचा वाकून नमस्कार. (गुडघ्यामुळे हल्ली खरंखुरं वाकता येत नाही, तेव्हा नमस्कार मनातल्या मनात वाकलेला आहे. कमी समजू नये.) तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन बरं पार पडलं असं कळलं. कळलं म्हणजे भावनानं ग्रुपवर टाकलं म्हणून कळलं. थोरल्या भावजयीला कुणी वेगळं कळवलं नाही, पण ते असू दे. नीट दिसायला लागलं असेल तर हे पत्र स्वतः वाचा, आणि अजून लागलं नसेल तर लागेपर्यंत उशीखाली ठेवा, पण सुनेकडून वाचून घेऊ नका. तुमच्या सुनेचं आणि आमच्या धाकट्या जाऊबाईंचं रोज बोलणं असतं, हे मला माहीत आहे. फोन एवढ्यासाठीच केला नाही. तुम्ही तिकडे अलिबागेत फोन स्पीकरवर टाकता आणि मग मी इथं शिंकले तरी कामोठ्याला भावना 'वहिनी, वाफ घ्या' म्हणते.

इकडे सगळं ठीक. तुमचे बंधू पोर्टातून रिटायर झाल्यापासून गॅलरीत बसून समोरच्या रस्त्यावरचे कंटेनर बघत असतात. चाळीस वर्षं तेच बघितलं, आता फुकट बघतात. माझं विचाराल तर वजन थोडं वाढलंय, झोप कमी झालीय आणि दोन्हीचं कारण एकच आहे. ते कारण एम. ए. झालेलं आहे.

तुम्हाला माहीतच आहे, प्रणितच्या कॉलेजसाठी जातीचा दाखला काढायला शैलेशला खापरपणजोबांची नोंद हवी होती. आता शैलेश हा तुमचा धाकटा भाऊ, म्हणजे काम बायकोवर गेलं. भावना तालुक्याच्या कचेरीत गेली, कोतवाल बुकातली (जुन्या काळी गावचा कोतवाल जन्म आणि मरण लिहायचा, ती वही) नोंद काढली, दाखला मिळाला. इथं एखादी शहाणी बाई थांबली असती. ही थांबली नाही. तिला गोडी लागली. उरणच्या कुठल्याशा नाखव्यांनी आधीच वर्षानुवर्षं खपून त्यांची वंशावळ लावली होती, त्यांच्याशी हिनं ओळख काढली. त्यांनी त्यांचे कागद हिला दिले, हिनं आपले त्यांना दिले, आणि दोन्हीकडचे मेलेले पुरुष एकमेकांना जोडून टाकले. मग ग्रुप निघाला. 'नाखवा परिवार : मुळं आणि फांद्या'. रोज सकाळी सुप्रभातच्या फुलाऐवजी एक पूर्वज यायला लागला. आणि त्याच्याखाली तुमचे सगळे चुलत भाचे, ज्यांना स्वतःच्या आजोबांचं नाव विचारलं तर खिशातलं आधार कार्ड काढून बघतील, ते 'ग्रेट वर्क काकी' लिहायला लागले. एकानं तर 'घराण्याचा अभिमान' असं लिहिलं. ताई, मी ह्या घराण्यात अडतीस वर्षं आहे. गणपतीचे मोदक, गौरीचं तिखट जेवण, सासूबाईंचं आजारपण, मामंजींचा पथ्याचा भात. अभिमान सोडा, एक अंगठासुद्धा मला कुणी दाखवला नाही. (मोबाइलवरचा. दुसरा दाखवलाय.)

दिवाळीनंतर तिनं फ्लेक्सचा नमुना पाठवला. ह्या महिनाअखेरीला गावी न्हाव्याला सगळं कुळ जमणार आहे, तिथं तो लावायचा. मी चष्मा लावून, मोठा करून करून पाहिला. वर खापरपणजोबा दादू नाखवा आणि त्याच्याही वरचे. दादूच्या खाली धाकू, मग खाली खाली येत तुमचे बंधू. तुळशीराम, आणि कंसात प्रमिला. कंसात, ताई! मी काय स्पष्टीकरण आहे? तळाला मात्र ठळक अक्षरात : संकलन, सौ. भावना शैलेश नाखवा, एम. ए. तिच्या चौकोनाखाली रेघ, रेघेला प्रणित आणि रिया. आमच्या चौकोनाखाली रेघ नाही. ते बरोबरच आहे, नसलेली रेघ कुठून काढणार. पण तिथं जागा मोकळी राहिली म्हणून तिनं एक शिडाची होडी टाकली. छान काढलीय होडी. रंगीत आहे.

त्या दिवशी मी ठरवलं, आपणही शोध लावायचा. असा पूर्वज काढायचा की भावनाची फांदी वाकली पाहिजे.

आता जुन्या नोंदी सगळ्या मोडी लिपीत. वाचनालयात स्वानंद सर म्हणून एक तरुण मुलगा मोडीचा वर्ग घेतो, तिथं नाव घातलं. पहिल्याच दिवशी भिंतीवर एक सुंदर मोडी अक्षराचा कागद लावलेला दिसला. सर म्हणाले, आमच्या आधीच्या तुकडीतल्या एका ताईंचं अक्षर आहे, असं वळण क्वचित येतं. खाली सही होती. कोणाची ते मी लिहीत नाही, तुमचं नुकतंच ऑपरेशन झालंय. कचेरीतही तेच. अर्ज घेऊन गेले तर कारकुनानं आडनाव वाचून खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला आणि विचारलं, भावना मॅडम तुमच्या कोण? मी म्हटलं, लांबच्या.

शेवटी वही मिळाली. पिवळी पडलेली पानं, शाई उडालेली, आणि त्यात सापडला आपला दादू नाखवा. त्याच्या नावापुढच्या रकान्यात एकच शब्द होता. मी भिंग लावलं, श्वास रोखला आणि वाचलं : आरमार. ताई, माझ्या अंगावर काटा आला. आपला पूर्वज आरमारात होता! भावनाला एवढ्या महिन्यांत जे दिसलं नाही ते मला एका दुपारी दिसलं. मी तिथूनच ग्रुपवर टाकलं. घरी येताना पेढे घेतले. सोसायटीत वाटले. वॉचमनला सांगितलं, तर त्यानं मला सलाम ठोकला आणि तो मी घेतला. दुसऱ्या दिवशी भाजीवाल्या बाईला 'आमचे खापरपणजोबा ॲडमिरल' इतपत मजल गेली होती. फक्त तुमच्या बंधूंनी पेढा तोंडात टाकून विचारलं, "आरमारात होता तर मग पेन्शन कुणी खाल्ली?"

संध्याकाळी भावनाचा फोन आला. ग्रुपवर नाही, फोन. इकडचं तिकडचं बोलली, गुडघ्याचं विचारलं, आणि मग हळूच म्हणाली, "वहिनी, रागावू नका, तो मरणाच्या कारणाचा रकाना आहे. तिथं 'आजार' लिहिलंय."

'ज'चा मी 'र' वाचला होता, मध्ये एक 'म' पदरचा घातला होता आणि उरलेलं आरमार आपोआप पाण्यात उतरलं होतं. ग्रुपवर चारचौघांत तिनं मला खोडून काढलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं. पण तिनं कुणालाच सांगितलं नाही. वर म्हणाली, "तुम्हीच सावकाश दुरुस्ती टाका. मोडीत असं सगळ्यांचंच होतं, माझंही झालंय." तिचं काहीही झालेलं नाही, हे मला भिंतीवरच्या कागदावरून ठाऊक आहे. मी दुरुस्ती टाकली नाही. ग्रुपवर दादू अजून आरमारात आहे. सोसायटीत तर बढतीवर आहे.

मग मी विचार केला, कागदांवर ती मला हरवणार. पण माणसं? पुरुष सगळे भावनानं संपवले होते, मला बायकाच उरल्या होत्या. म्हणून चिंगीआत्याला भेटायला न्हाव्याला गेले. (तुमच्या आत्याची तब्येत ठणठणीत आहे. नव्वदीत दात नाहीत पण वर्मावर बोट बरोबर ठेवते.) रस्त्यात कंटेनरच्या रांगेत रिक्षा अशी अडकली की रिक्षावाल्याची आणि माझी सात पिढ्यांची ओळख होऊन गेली. एकदाची पोचले, घामाघूम, हातात आत्यासाठी केळी आणि खारी. दारातच तिनं विचारलं, "भावना नाय आली?"

मी म्हटलं, "मीच आलेय. मी थोरली."

"ये, ये. बस. सुकट केलीय. भावनाला लय आवडते."

भावनाला आवडणारी सुकट भाकरीबरोबर खाऊन झाली. (चांगली होती. दोनदा घेतली.) मग मी विचारलं, दादूच्या बायकोचं नाव काय होतं? फ्लेक्सवर दादूशेजारी कोणीच नाही. आत्यानं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, रेवा. तिचे आजोबा, म्हणजे धाकू, सांगायचे म्हणे रेवाच्या गोष्टी. दादू लवकर गेला. (आजारानं. आता वाद नाही.) मागे रेवा आणि कडेवर धाकू. रेवानं डोक्यावर पाटी घेतली, सुके बोंबील घेऊन पनवेलच्या बाजारात बसायला लागली, आणि दिरांनी होडीवरचा हक्क सांगितला तर होडीत जाऊन बसली, उतरेचना. तिथंच चूल मांडली. शेवटी दीर कंटाळले. मी मनात म्हटलं, वा! हिला आता घेऊन जाते कामोठ्याला. मी आत्याला म्हटलं, कडेवर पोर घेऊन एवढं सगळं?

आत्या म्हणाली, "कडेवरचा पोटचा नवता. रेवाला पोर झाला नाय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. परत विचारलं. पटकीची साथ आली होती त्या साली. खाडीपलीकडे कुठल्या तरी घरात सगळी माणसं गेली, पाळण्यातलं पोर तेवढं रडत होतं. दादू होता तेव्हाची गोष्ट, रेवा मासळी घेऊन तिकडे गेलेली, ती पाटीत पोर घालून परत आली. तो धाकू. म्हणजे तुम्ही, तुमचे बंधू, शैलेश, प्रणित, रिया, ग्रुपवरची ती सगळी अंगठे दाखवणारी मंडळी, सगळे त्या पाटीतून आलेले. भावनानं दादूच्या वरच्या एवढ्या पिढ्या उरणकरांशी जोडल्या, त्यांचा आपल्याशी रक्ताचा संबंध काही नाही.

मी विचारलं, "पण आत्या, मग तो मुळात कुणाचा?"

"रेवाचा," आत्या म्हणाली. "सांगितला ना आताच."

ताई, तुमच्याशी खोटं कशाला बोलू, परतताना रिक्षात मी आधी हरखलेच. हुकमाचा पत्ता हाती आला होता. महिनाअखेरीला सगळं कुळ जमलं, फ्लेक्सचा पडदा बाजूला झाला, भावनाला शाल मिळाली, की मी उभी राहणार आणि शांतपणे म्हणणार, 'एक किरकोळ राहिलंय.' भाषण तयार केलं. कोणती साडी ते ठरवलं. पण रात्री आरशासमोर म्हणून बघितलं तेव्हा 'रेवाला मूल नव्हतं' इथं आलं की आवाज नीट लागेना. दोनदा प्रयत्न केला. तुमचे बंधू आतून म्हणाले, पाणी पी. एवढ्या माणसांत मी हे बोलले तर लोक फ्लेक्सवर रेवाला शोधणार नाहीत. आधी माझ्याकडे बघतील आणि मग त्या होडीकडे. म्हणून भाषण रद्द केलं. साडी तीच नेसणार आहे.

बाकी विशेष काही नाही. सांभाळून राहा, थेंब वेळेवर घाला, काळा चष्मा घरातही लावा. तुमच्याकडे माझ्याहून मोठं आता तुमच्याशिवाय कोणी उरलं नाही, तेव्हा सगळे नमस्कार तुम्हालाच, आणि आशीर्वाद उरलेल्यांना वाटून टाका.

तुमची थोरली (कंसातली) भावजय,
प्रमिला

ता. क. : एक छोटं काम होतं, त्यासाठीच खरं पत्र. फ्लेक्स अजून छापायला गेलेला नाही. तुम्ही भावनाला सांगा की दादूशेजारी रेवाचं नाव घाल, आणि धाकूची रेघ तिच्यापासून खाली ओढ. तुम्ही माहेरवाशीण, तुमचा शब्द ती मोडणार नाही. मी सांगितलं तर तिला वाटेल, वहिनी स्वतःसाठीच बोलताहेत. (बोलतेच आहे. पण तिला कळायला नको.) तुम्हालाच आठवलं असं सांगा.

ता. क. २ : पाकीट चिकटवत होते एवढ्यात भावना आली. सोबत नवा नमुना. ताई, त्यात रेवा आहे. दादूच्या बरोबरीनं, ठळक, आणि धाकूची रेघ तिच्यापासूनच निघते. चिंगीआत्यानं तिला हे दिवाळीतच सांगितलं होतं म्हणे. इतके दिवस घातलं नाही, कारण मला लागेल असं तिला वाटलं. म्हणाली, "वहिनी, तुम्हाला विचारल्याशिवाय कसं छापू? तुम्ही नको म्हणालात तर काढते." मी चहा ठेवला. साखर दोनदा पडली, तरी ती पूर्ण प्यायली. कंस पण काढलाय तिनं. तळाला संकलन म्हणून दोन नावं आहेत, माझं आधी.

आता तुम्हीच सांगा, अशा बाईशी जमवायचं कसं? मला जे करायचं ते ही माझ्या आधी करून मोकळी होते, चांगुलपणासुद्धा!

ता. क. ३ : तेव्हा वरचं काम रद्द. पण पत्र फाडू नका. भावना येण्याआधीच मला रेवाचं सुचलं होतं, ह्याला एवढा एकच कागद आहे. पुढं कुणी वंशावळ करायला बसलं तर दाखवायला होईल. तारीख मी आधीच्या आठवड्यातली घातली आहे. पोस्टाच्या शिक्क्याचं कुणी विचारलं, तर तुमचं ऑपरेशन झालंय, तुम्हाला दिसत नाही.