बावीस प्रती

सोमवार, १ सप्टेंबर
सामसो बेटावरून सकाळची बोट पकडली आणि दुपारी कॉलेजात माझं टेबल मिळालंसुद्धा! त्रिमितीय चित्रं आणि अ‍ॅनिमेशन. आईच्या भाषेत ‘बाहुल्या हलवण्याचं शिक्षण’. शेजारी काचेच्या भिंतीला लागून आस्के, दाढीवाला, बडबड्या. माझं नाव ऐकून म्हणाला, “सिसेल? आमच्या आजीची गाय!” राय धान्याच्या काळ्या पावाचा अर्धा तुकडा पुढं केला, म्हणून माफ केलं.

गुरुवार, ४
स्कॅन करायचं यंत्र एका दिवसासाठी मागवलं होतं. कुणाचं डोकं घ्यायचं, असं आमच्या शिक्षिकेनं, बियर्तानं, विचारलं आणि माझाच हात वर गेला. कॅमेऱ्यांच्या कड्यात सहा सेकंद श्वास रोखून बसले. मग पडद्यावर माझं डोकं आलं: करडं, बिनकेसांचं, हुबेहूब. फक्त डाव्या भुवईखाली एक चीर, जी मला नाही. यंत्राची चूक, असं बियर्ता म्हणाली.

मंगळवार, ९
उतारावर सायकल घसरली. डाव्या भुवईखाली तीन टाके. आस्के म्हणतो, यंत्राला ज्योतिष कळतं. मीही हसले, पण जेवण गेलं नाही.

बुधवार, १०
सराव म्हणून पडद्यावरची ती चीर डिजिटल पेनानं घासून बुजवली. दोन मिनिटांचं काम. मग पट्टी बदलायला गेले तर टाक्यांचे दोरे हातात आले. खाली कोरी कातडी. जखम नाही, व्रण नाही.
परत येऊन पडद्यावरचा कान केसभर ओढला. माझ्या कानातून कळ गेली. घाईघाईनं होता तसा केला. आस्केला सांगितलं, तर म्हणाला, “मग माझं नाक तेवढं लहान करून दे की!”

गुरुवार, ११
फाइल कायमची पुसून टाकली. पुसताना डोळे गच्च मिटले होते. काही झालं नाही. दोन दिवसांत आज पहिल्यांदा पोटभर जेवले.

शुक्रवार, १२
मूळ प्रत बियर्ताकडं आहे. सोमवारी वर्गातल्या बावीसही जणांना वाटणार. राक्षस बनवायचाय, बिनधास्त मोडतोड करा म्हणाली. मी सगळं सांगितलं. रडले. दुसरं डोकं घ्या म्हटलं, तर यंत्र कधीच परत गेलंय. घरची आठवण येत असेल, दोन दिवस आईकडं जाऊन ये म्हणाली.
गेले नाही. कशी जाणार?

सोमवार, १५
फाइल वाटली. मी उठून ओरडले, थांबा! टाळ्या पडल्या, मला राक्षसाची नक्कल छान जमली म्हणून. बियर्तानं मला शांत व्हायला बाहेर बसवलं. कार्डाशिवाय दार उघडत नाही, आणि माझं कार्ड आत.

१०.२० — कपाळ ताणलं जातंय. कुणीतरी वर —

१०.२४ — दार बडवतेय. सगळ्यांच्या कानांवर हेडफोन. आस्केला हाक मारायला गेले आणि तोंड — बोटांनी चाचपलं. ओठ नाहीत. नुसतं सपाट —

१०.२६ — उजवीकडचं दिसेनासं —

वही काचेला लावते. आस्के, वर बघ. पडद्याकडं नाही, इकडं, माझ्याकडं. सगळ्यांना थांबव, पण आधी तुझ्या हातातलं पेन खाली ठे