कपाटातली घट

५ जानेवारी, सोमवार
नव्या वर्षाचा निश्चय: फक्त शनिवारी, तोही एकच पेग. पण कपाटातली व्हिस्की कमी दिसते. घरात मी, बायको नूतन आणि भांड्यांना येणारी साळूबाई. नूतनला वासही सहन होत नाही. उरलं कोण? साळूबाई पोलादपूरकडच्या डोंगरवस्तीवरची. त्या लोकांत घरोघरी चालतं. आपलं सोशल ड्रिंकिंग, ते वेगळं.
बाटलीवर मार्करनं रेघ मारली.

७ जानेवारी
रेघेच्या बरीच खाली. चोरानं पाणीही घातलं असेल. मी एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलला आहे, मला फसवणं सोपं नाही. सॅम्पल घेतलं. पाणी नाही. एका सॅम्पलवर निष्कर्ष काढत नाहीत, म्हणून दुसरं घेतलं.

८ जानेवारी
आणखी खाली. सॅम्पल वजा केली तरी कमीच. अर्थात सॅम्पल अंदाजानं धरली आहेत.

९ जानेवारी, सकाळ
साळूबाईला आडून विचारलं, घरी कोण कोण घेतं. म्हणाली, ‘‘आमच्यात कोन घेत नाय सायेब. वर्साला गावच्या राखणदार देवाला कोंबडा नि बाटली दावतो, तेवढीच घरात येते.’’ वर मलाच विचारते, तुमच्या राखणदाराला रोज लागते काय? रिकाम्या बाटल्या तीच टाकते ना. बाई बेरकी आहे.

११ जानेवारी
काल शनिवार, हक्काचा. मोजला नाही. नूतनला म्हटलं, साळूबाईला काढून टाकू. तिनं एकदा कपाटाकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि ती आत गेली. म्हणजे हिलाही तिचाच संशय आहे.

१३ जानेवारी, मंगळवार
साळूबाईनं स्वतःच काम सोडलं. पकडले जाऊ हे कळलं असणार. माझी पद्धत अचूक.

त्याच दिवशी, संध्याकाळी
नूतननं कारण सांगितलं. साळूबाईच्या रेश्माचं लग्न जुळतंय. मुलाकडच्यांनी चौकशी केली, आई महाडात कुणाकडे कामाला जाते. साळूबाई नूतनचा हात धरून रडली म्हणे. म्हणाली, ‘‘वैनी, तुमी लय चांगल्या. पन पिणाऱ्याच्या घरात भांडी घासते म्हटल्यावर सोयरीक मोडंल पोरीची.’’
पिणाऱ्याचं घर म्हणजे आमचं. नूतननं माझ्या बाजूनं एक शब्द काढला नाही. उलट रेश्मासाठी साडी दिली.
लाज वाटली, खरंच वाटली. एक पेग घेतल्यावर जरा कमी झाली. तो शनिवारचा आगाऊ धरला आहे.