सुलूच्या हातचं विरजण

३ ऑगस्ट २००९
पोचले एकदाची खुटबावला! शिरूरच्या स्टँडवर अम्मीने डब्यांवर डबे दिले, जणू मी परमुलखात चाललेय. पुण्याच्या प्रयोगशाळेने माझी सोय हौसराव आबा आणि साखरबाई मावशींकडे केलीय. त्यांची लेक सुलक्षणा गेल्या दिवाळीत तापाने गेली, तिची खोली मला मिळाली. माझं काम ऐकून आबा हसून हसून बेजार झाले. गावकऱ्यांची लाळ, विष्ठा आणि कातडीवरचा मळ डब्यांतून गोळा करून पुण्याला पाठवायचं. तिथे त्यातल्या जीवाणूंचा डीएनए वाचतात. प्रत्येकाच्या अंगातली वस्ती निराळी असते, त्यावरून माणूस ओळखू यावा इतकी. पहिला नमुना तुलनेसाठी माझाच पाठवला. एम.एस्सी. होऊन हे काम करते, हे अम्मीला कोण सांगणार?

९ ऑगस्ट
असं दही मी जन्मात खाल्लं नव्हतं. सुलक्षणा म्हणे चमचा वापरायची नाही, कोमट दुधात विरजण बोटाने कालवायची. तिच्या शेवटच्या दह्यातलं राखून मावशी रोज नवं लावतात, एकदाही मोडू दिलेलं नाही. "पोरीच्या हातचं इरजन हाय," म्हणाल्या. "ते हाय तवर ती घरात हाय." मला भरून आलं. तसं ते शास्त्रालाही धरूनच आहे, बोटावरचे जीवाणू विरजणात उतरतातच. दोन वाट्या चापल्या.

२४ ऑगस्ट
रोजे सुरू झालेत. मावशी माझ्याआधी उठून सहरीला दही-भाकरी ठेवतात. सख्खी आई याहून काय करेल? काल इफ्तारचा चहा उकळता होता म्हणे, मला जाणवलंच नाही. जीभ जराशी बधिर झालीय. विरजण आता मीच लावते, बोटाने. आज मावशींनी आसियाऐवजी चुकून सुलू म्हणून हाक मारली आणि मी ओ दिली. दोघी हसलो.

८ सप्टेंबर
प्रयोगशाळेतल्या सत्यजीत सरांचा पुण्याहून फोन आला, चिडले होते. माझा दुसरा नमुना माझ्या पहिल्याशी जुळत नाही, सुलक्षणाच्या नमुन्याशी तंतोतंत जुळतो. तिचा गेल्या वर्षी पहिल्या फेरीत घेतला होता. डब्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल केलीस, म्हणाले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, तिचा डबा पुण्याच्या फ्रीजरमध्ये आहे. इथे अदलाबदल होणार कशाशी?
घाबरायला हवं होतं. घाबरले नाही. दही बंद करायचं ठरवलं.

१२ सप्टेंबर
मी दही सोडलं तर मावशींनी जेवण सोडलं. कोपऱ्यात बसून रडत होत्या. खाल्लं शेवटी. लाळ आणि कातडीवरचे नमुने पुन्हा पाठवलेत.

२१ सप्टेंबर
ईद. शिरूरला घरी. शीरखुर्म्याला चव नव्हती. भाची सुहाना एरवी माझ्या कुशीतच झोपते, आज जवळ येईना. अम्मीने मिठी मारली आणि मागे सरकली. तुझ्या अंगाचा वास असा नाही, म्हणाली. रडली. मला रडू आलं नाही, यावं असं फार वाटत होतं. ईदचं जेवण टाकून निघाले — विरजण मोडलं असतं.

२८ सप्टेंबर
सरांचा फोन. लाळ, कातडी — सगळं तिचंच. मी विचारलं, माझं काही उरलंय का. ते म्हणाले, गाडी पाठवतो, आजच्या आज ये.
गाडी आली होती. आबांनी परत पाठवली. मी शेण सारवत होते — कुठली गाडी ते —

२ ऑक्टोबर
बोट पोळलं. काही जाणवलं नाही. आईने हळद लावली. आई म्हणजे — मावशी —

४ ऑक्टोबर
दारात एक बाई आलीय. शिरूरची हाय म्हणं. आसिया, आसिया करतीय. माझा हात धरला तिनं — हात गार होता का ऊन, कळलं न्हाई.
आईनं इचारलं, वळखतीस का गं हिला?
मी नीट बघितलं. न्हाई म्हनलं.
बाई खालीच बसली. रडतीय. बिचारी.
दूध कोमट झालंय. बोट बुडवते आन् —