पाय आधी

प्रिय बाबा,

तुम्ही फोन उचलत नाही, आणि झिग्रीदा आत्या दर वेळी "तो लाकडं फोडतोय" एवढंच सांगते, म्हणून लिहायला बसले. तिच्याकडे राहायला गेल्यापासून चौदा महिन्यांत तुम्ही फोडलेली लाकडं तिच्या अख्ख्या किनाऱ्याला दोन हिवाळे पुरतील म्हणे. भट्टीत मासे धुरवायलाही तुम्ही तिला मदत करता, हे ऐकून हसू आलं. आईनं कधी साधी राय ब्रेड कापायला सांगितली तरी तुम्ही बोटं जपायचात. इकडे सगळे बरे आहेत. व्हेंटा नदी अजून गोठलेली आहे, पाद्री गुनवाल्डिसना नातू झाला, आणि स्काइद्रीते मावशी अजूनही कॉयरमध्ये अर्धा सूर चढाच गातात.

त्यांच्यापासूनच सुरुवात करते. नाताळच्या आधीची पहिली मेणबत्ती लावली त्या रविवारी चर्च भरलं होतं. ऑर्गन वाजवत होती विनेता, तुमच्या जागी आलेली. चौतीस वर्षांची आहे, अकरा किलोमीटर सायकल मारत येते, पाय म्हणजे लोखंड. शेवटच्या स्तोत्रात तिनं सगळ्या नळ्या उघडल्या, दोन्ही हात एकदम नव्या स्वरमेळावर टाकले, आणि खाली पायांनी वाजवायचा खर्ज मात्र आधीचाच रेंगाळत राहिला. तुमच्या वेळचाच चिखल, बाबा. अगदी तोच. स्काइद्रीते मावशी गाता गाता मागे वळल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अगं बाई, हिचाही पाय अडकला की!" लोक हसले. मी मात्र बाकाची कड धरून बसले. हिचा पाय कशाला अडकेल?

तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा माळ्यावरच्या ऑर्गनपर्यंतच्या त्या बेचाळीस पायऱ्या तुम्हाला चढता येईनात. मी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर, मला फार हौस. तुमचं बाक आणि पट्ट्या खाली आणल्या, वर नळ्यांपाशी एक इलेक्ट्रॉनिक पेटी बसवली, खाली तुमच्या बाकाखाली दुसरी, आणि मध्ये एक केबल. खालच्या पेटीत कुठल्या पट्ट्या दाबलेल्या आहेत याची एक ओळ मेमरीत लिहिली जाते, आधी हातांच्या पट्ट्या, शेवटी पायांच्या. काही बदललं की ती ओळ केबलमधून वर जाते, अरुंद साकवावरून माणसं जातात तशी, एकामागून एक. तुमच्या वाढदिवसाला मी ते सुरू करून दिलं होतं. पहिलंच स्तोत्र झालं आणि तुम्ही म्हणालात, "झिंत्रा, ही पेटी माझा पाय धरून ठेवते." मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "बाबा, पेटीला पाय कळत नाहीत, आकडे कळतात." तरी तपासलं, नाही असं नाही. एकेक पट्टी दाबून पाहिली, दोन-दोन, तीन-तीन. मेमरीत आकडे बरोबर. वर पोचलेले आकडेही बरोबर. मग उरलं कोण? तुमचा एकाहत्तर वर्षांचा गुडघा.

त्या रविवारी प्रार्थना संपल्यावर विनेता रडवेली होऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "वर्षभर असं कधीच झालं नाही. फक्त आज मी माझं स्वतःचं पुस्तक आणलं होतं." मी विचारलं, एरवी कुठलं वापरतेस? "तुमच्या बाबांच्या वह्या. त्यात जागोजागी पेन्सिलीनं लिहिलंय, पाय आधी. मला वाटलं, म्हातारपणाची सवय असेल. पण वही समोर असली की हात आपोआप ऐकतो." वह्या उघडून दाखवल्या तिनं. सगळीकडे नाही लिहिलेलं. जिथे दहाही बोटं आणि पाय एकदम हलतात, फक्त तिथे.

दुसऱ्या दिवसापासून मी विजेचे संकेत पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप घेऊन चर्चमध्ये ठाण मांडलं. विनेता हातमोजे घालून बसायची, मी सांगितलं की मोजे काढून सगळी बोटं एकदम दाबायची, आणि पुन्हा मोजे. आठ दिवस काही सापडेना. मेमरी उघडून बघावी तर आकडे बरोबर, कारण मी बघेपर्यंत ते बरोबर झालेले असत. नवव्या दिवशी मी मेमरीत लिहिणं आणि केबलमध्ये पाठवणं, दोन्ही एकाच पडद्यावर एकाखाली एक लावलं, आणि दिसलं. पाठवणारा भाग ओळ पूर्ण होण्याची वाट बघतच नव्हता. थोड्या पट्ट्या बदलल्या तर लिहिणं वेळेत संपे. पण सगळ्याच बदलल्या, तर ओळीचं डोकं नवं आणि शेपूट जुनं अशी ती साकवावर चढे. शेपटात पाय. मग पुढचा बदल होईपर्यंत वर जुनाच खर्ज वाजत राही. मेमरी खरी, केबलही खरी. खोटं घडत होतं त्या दोघींच्या मधल्या, सेकंदाच्या हजार भागांतल्या वीस भागांत. चूक माझ्या प्रोग्रॅममध्ये होती. तीन ओळींत दुरुस्त झाली. विनेतानं पुन्हा सगळ्या नळ्या उघडून तोच स्वरमेळ टाकला आणि खर्ज असा स्वच्छ उतरला की छतावरची कबुतरं उडाली. ती टाळ्या वाजवत होती. मी मात्र पुन्हा पेटीकडे वळले.

कारण त्याच पेटीत एक कार्ड होतं. वाजवलेली प्रत्येक पट्टी वेळेसकट त्यात नोंदली जाते; मीच ठेवलं होतं, बिघाड शोधायला, आणि कधी उघडलं नव्हतं. ते घरी नेलं. बाबा, तुमचे सगळे रविवार त्यात आहेत. तुमचं वाजवणं मी जन्मापासून ऐकतेय, पण ते कधी पाहिलं नव्हतं. पहिले तीन महिने तुमचे हात आणि पाय एका क्षणाला पडतात. मी यंत्रं जुळवणारी बाई, पण इतकं जुळलेलं यंत्र मी पाहिलेलं नाही. म्हणजे गुडघा कधीच मागे राहत नव्हता. मग मार्चमधला एक मंगळवार येतो. त्या दिवशी प्रार्थना नव्हती. तुम्ही एकटे बसून तेच दोन स्वरमेळ दोनशे बारा वेळा वाजवलेत. आधी पाय हातांबरोबर. मग थोडा उशिरा. मग थोडा लवकर, मग आणखी लवकर, मग एक बोट कमी करून, दोन बोटं कमी करून, दर वेळी एकच गोष्ट बदलत. मी तोंडावर हात ठेवून ते आकडे वाचत होते. मी नऊ दिवस जे केलं तेच तुम्ही एका दुपारी केलंत, नुसत्या कानांनी, आणि माझ्यापेक्षा शिस्तीनं. तो मंगळवार मला आठवतो. मी डब्यातून बीटाचं सूप घेऊन आले होते आणि दारातूनच म्हणाले होते, "बाबा, एकच सूर काय लावून बसलात?" तुम्ही मागे न बघता म्हणालात, "ऐकतोय." मला वाटलं, विसरायला लागले आता.

त्या मंगळवारनंतर प्रत्येक जड स्वरमेळात तुमचा पाय हातांच्या आधी पडतो. किती आधी? यंत्र सांगतं, सेकंदाचे ते वीस भाग लागतात. तुम्ही कधी एकवीस ठेवलेत, कधी चोवीस. विसाच्या खाली एकदाही नाही. पंचविसाच्या वर एकदाही नाही, कारण त्यापुढे ऐकणाऱ्याला कळलं असतं. हलक्या स्वरमेळात मात्र हात-पाय पुन्हा एकत्र. ही शेकडो स्तोत्रांची गोष्ट आहे, बाबा, दर रविवारी, दुखऱ्या गुडघ्यानं, आणि वर कुणाला काही न बोलता. आईच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या प्रार्थनेतसुद्धा. तिथे मी कार्ड बंद केलं. माणसाचा कान एवढा असू शकतो, हे मला माहीत नव्हतं. आणि तो माझ्याच घरात होता.

तुम्ही उपाय शोधलात तोवर गावाचं मत बनलेलं होतं. एकदा "पाय अडकतो" म्हटलं की लोकांना तो अडकलेलाच ऐकू येतो. तुम्हाला वाटतं, पाद्री गुनवाल्डिसनी तुम्हाला काढलं. फुलं दिली, भाषण केलं, आणि काढलं. चौदा महिने तुम्ही त्यांच्याशी बोललेला नाहीत, आणि त्यांनी ते गुपचूप सोसलं, कारण त्यांनी मला शब्द दिला होता. बाबा, चर्चच्या मंडळाला पत्र मी लिहिलं होतं. 'माझ्या वडिलांचा पाय आता साथ देत नाही, पण मी सांगितलं तर त्यांना लागेल, म्हणून तुम्हीच सांगा,' असं. तेव्हा मला ती माया वाटली होती. गेल्या रविवारी मी सगळ्यांसमोर उभी राहून ते पत्र वाचून दाखवलं, आणि त्याखाली कार्डातले आकडे.  पण ते गावासाठी होतं. दुरुस्ती झाल्याचं कळवायला हे पत्र लिहिलेलं नाही, परत या म्हणायलाही नाही. तो हक्क मी गमावलाय. पाद्र्यांवरचा राग काढून तो जिथला आहे तिथे ठेवावा, एवढ्यासाठी लिहिलं. शनिवारी दुपारच्या बसनं मी येते आहे. आत्याला सांगू नका, ती उगाच तुमची समजूत घालत बसेल. दार उघडायचं की नाही, ते तुम्ही एकट्यानं ठरवा. परतीची बस साडेपाचला आहे. तोवर मी पायरीवर बसेन.

अजूनही तुमचीच,
झिंत्रा