आपल्या दालनातील संगणकाची वर्म-तपासणी उद्या सकाळीच करू देण्याबाबत

प्रति,
मा. प्रशासकीय अधिकारी,
रुग्णालय कार्यालय, दुसरा मजला.

विषय : वरीलप्रमाणे, वेळ साडेदहाच्या आत.
संदर्भ : सर्व्हर तपासणीचे आपले परिपत्रक व माझे यापूर्वीचे तीन अर्ज.

महोदय,

१. मी रुग्णालयाचे डेटाबेस सर्व्हर सांभाळतो. परिपत्रकानुसार रोज सकाळी आठला सहाही सर्व्हर आधी बंद करून पुन्हा सुरू करतो, मग त्यांत वर्म, म्हणजे नेटवर्कवरून पसरणारा संगणकी किडा, शिरला आहे का ते पाहतो आणि 'आढळला नाही' अशा प्रमाणपत्रावर सही करतो.

२. हा किडा फक्त चालू संगणकाच्या मेमरीत राहतो. संगणक बंद केला की तो जातो. म्हणजे घर झाडून घ्यायचे आणि मग कचरा शोधायचा, अशी आपली तपासणी आहे. हे मला पहिल्याच आठवड्यात कळले होते. तरीही एकेचाळीस प्रमाणपत्रांवर सह्या केल्या, याची लाज वाटते. ती सर्व रद्द समजावीत.

३. आपल्या कपाटामागे भेटीस येणाऱ्यांची नोंद ठेवणारा जुना संगणक आहे. तो कधीच बंद करू नये असा आपला आदेश आहे, त्यामुळे त्यातला किडाही कधी जात नाही. आपण साडेदहाला येता, शिपाई दालनाचे नेटवर्क सुरू करतो आणि अकराच्या आत माझे सर्व्हर ठप्प होतात. परिपत्रकात मात्र 'अधिकाऱ्यांची दालने वगळून' असे आहे. तिन्ही अर्जांना एकच उत्तर मिळाले, की दालनात सर्व्हर नसतो, अधिकारी असतात.

४. उद्या, गुरुवारी अकराला, माझ्या आईची शस्त्रक्रिया याच रुग्णालयात आहे. तिचा रक्तगट सहजी मिळत नाही. दोन पिशव्या कशाबशा राखून ठेवल्या आहेत. आज अकराला रक्तपेढीत फोन केला. तेथील ताईंचे शब्द तसेच देतो : "दादा, पिशव्या समोर दिसतायत हो. पण कुठली कुणासाठी तपासलीय, ते या अडकलेल्या पडद्याला विचारू का?" तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. हे लिहिताना चार वेळा उठलो. खाडाखोड माफ असावी.

५. तरी उद्या नऊला दालन उघडून द्यावे. संगणक बंद करून, किडा पुन्हा शिरू नये अशी दुरुस्ती त्यात बसवण्यास वीस मिनिटे पुरतात. दालन न उघडल्यास तिकडे जाणारी केबल मी तळमजल्यावर तोडणार आहे. लपूनछपून नाही, म्हणून आधी कळवत आहे. कारवाई करायचीच असल्यास शुक्रवारी करावी. गुरुवारी मी आईजवळ असेन.

आपला नम्र, परंतु उद्यापुरता आज्ञाधारक नसलेला,

(सही)
सर्व्हर देखभाल कर्मचारी, तळमजला
दिनांक : १४, बुधवार